अश्ववध आणि वाटेवरील हिंसा

प्रमेय

हिंसा ही केवळ शस्त्राच्या टोकाशी घडते, असा सर्वसाधारण समज आहे. जीवाचा कंठ जेथे छेदला जातो तेथे हिंसा आणि ज्याच्या हाती सुरी तो हिंसक, असे मानून इतर सर्व जण स्वतःस त्या दोषातून मोकळे करून घेतात. परंतु अहिंसेचा सूक्ष्म विचार करणाऱ्यास हे समाधान टिकणारे वाटत नाही. ज्याने जीव विकला, ज्याने तो मोल देऊन घेतला, ज्याने वाहनात कोंबला, ज्याने शेकडो मैल तहानलेला नेला, ज्याने सीमेवर कागद पाहून फाटक उघडले आणि ज्याने अखेरीस तो ताटात घेतला, त्या प्रत्येकाच्या हातून थोडा थोडा वध घडत आलेला असतो. सुरी ही त्या दीर्घ क्रियेची केवळ शेवटची घटका होय.

यावरून असे प्रमेय निष्पन्न होते की, वध्य जीवाची वाट हा वधाचाच भाग आहे. आणि वध निषिद्ध करून वाट मोकळी ठेवणे हा हिंसेचा त्याग नसून हिंसेचे स्थलांतर आहे. हे प्रमेय स्पष्ट होण्यासाठी येथे घोड्याच्या मांसाच्या व्यापाराचा विचार योजला आहे. महाराष्ट्रात घोड्याचे मांस खाण्याची रूढी नाही, त्यामुळे हा विषय वाचकास दूरचा वाटेल. तथापि जवळच्या गोष्टीवर स्वतःच्या सवयीचा पडदा असतो. दूरच्या दृष्टान्तावर तो नसतो. म्हणून इंग्लंड व अमेरिका या देशांतील दोन दृष्टान्त प्रथम घ्यावेत, त्यावरून उठणाऱ्या शंकांचे समाधान करावे आणि मग आपापल्या आचाराकडे वळावे, हा क्रम ठेवला आहे.

दृष्टान्त पहिला : अँटवर्पची गोदी

एडा कोल नावाची एक इंग्रज स्त्री होती. तिचा जन्म १८६० मधील. १९११ साली बेल्जियम देशातील अँटवर्प बंदरात तिच्या दृष्टीस एक प्रकार पडला. इंग्लंडमध्ये आयुष्यभर गाडी ओढून थकलेले, लंगडे झालेले घोडे जहाजांतून तेथे उतरविले जात. समुद्रप्रवासाने आधीच खचलेल्या त्या जनावरांना चाबकाचे फटके मारीत सुमारे चार मैल चालवीत नेत, आणि त्या वाटेच्या शेवटी कत्तलखाना असे. घोडा जोवर ओझे ओढीत होता तोवर त्याच्या धन्यास तो धन होता. ओढीनासा झाला तेव्हा त्याच्या हाडामांसाचे जे चार पैसे येत तेवढीच त्याची किंमत उरली. ते चार पैसे मिळावेत म्हणून त्यास समुद्रापलीकडे धाडण्यात कोणासच काही वावगे वाटत नसे.

एडा कोल यांनी आयुष्याची उरलेली वर्षे या एका कार्यास वाहिली. १९२७ साली त्यांनी अश्वरक्षणासाठी ‘इंटरनॅशनल लीग फॉर द प्रोटेक्शन ऑफ हॉर्सेस’ ही संस्था स्थापन केली. तीच आज ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ या नावाने चालते. १९३० साली त्यांचा देहान्त झाला. घोड्यांच्या निर्यातीस आवर घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला तो १९३७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मागे सात वर्षांनी. कार्याचे फळ कर्त्याच्या डोळ्यांदेखत येतेच असे नाही.

पुढे ब्रिटिश कायद्यात एक युक्तीचा नियम आला. ठराविक किमतीहून कमी मोलाचा घोडा देशाबाहेर नेता येणार नाही, असे ठरले. ती किमान किंमत घोड्याच्या मांसाच्या मोलापेक्षा अधिक ठेवण्यात आली. परिणाम असा की, कत्तलीसाठी घोडा बाहेर नेणाऱ्यास तोटा येऊ लागला. नियमात दयेचा शब्दही नव्हता, पण व्यापाराचा आधारच लोभ असल्यामुळे लोभाचे मूळ तोडताच वाट ओस पडली. अखेर २०२४ साली संमत झालेल्या कायद्याने इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथून कत्तलीसाठी जिवंत जनावरे बाहेर पाठविणे सर्वस्वी बंद केले. १९११ पासून मोजल्यास या एका वाटेचे दार लागण्यास ११३ वर्षे लागली.

दृष्टान्त दुसरा : रेनोचा रस्ता

अमेरिकेतील नेवाडा राज्यात रेनो नावाचे शहर आहे. तेथे व्हेल्मा जॉन्स्टन नावाची स्त्री एका विमा कचेरीत चिटणिसाचे काम करीत असे. बालपणीच्या पोलिओमुळे तिच्या देहात व्यंग राहिले होते. १९५० साली एके सकाळी कामावर जात असता तिच्यापुढे जनावरांचा एक ट्रक चालला होता आणि त्यातून रक्त ठिबकत होते. ती त्या ट्रकच्या मागे गेली. ट्रक कत्तलखान्याशी थांबला. आत रानातून धरून आणलेले घोडे दाटीवाटीने कोंबलेले होते आणि त्यांच्या पायांखाली एक शिंगरू तुडविले जात होते.

पश्चिम अमेरिकेच्या माळरानांवर ‘मस्टँग’ नावाचे मोकळे घोडे राहतात. त्या काळी विमाने व मोटारी त्यांच्यामागे लावून त्यांना दमेपर्यंत पळवीत, जेरबंद करीत आणि कुत्र्यामांजरांचे डबाबंद खाद्य करण्यासाठी विकीत. व्हेल्मा जॉन्स्टन यांनी हे सारे पाहून घेतले, त्याची छायाचित्रे व नोंदी जमविल्या आणि लोकांपुढे मांडल्या. विरोधकांनी उपहासाने त्यांना ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हटले. त्यांनी तेच नाव भूषणासारखे धारण केले. शाळांतील मुलांनी लोकप्रतिनिधींना पत्रांवर पत्रे पाठविली. १९५९ साली विमाने व मोटारी लावून रानघोडे पकडण्यास आणि त्यासाठी पाणवठे विषारी करण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यानंतर १९७१ साली सरकारी जमिनीवरील रानघोडे व रानगाढवे यांना संरक्षण देणारा व्यापक कायदा झाला. १९७७ साली त्या निवर्तल्या. मात्र कायदा झाला म्हणून राखण संपत नाही. २००४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन, दहा वर्षांहून अधिक वयाचे पकडलेले घोडे आणि ज्यांना तीनदा पालक मिळाला नाही असे घोडे निर्बंधावाचून विकण्याची मुभा देण्यात आली. तिचा उपयोग कत्तलीसाठी होऊ नये म्हणून पुढे पुन्हा निर्बंध घालावे लागले.

दार्ष्टान्तिक

दोन्ही दृष्टान्तांत एक गोष्ट समान आहे. या दोन्ही स्त्रियांस प्रथम जे दिसले ती वाट होती. एकीस चाबकाखाली चालणारी रांग दिसली. दुसरीस रस्त्यावरील रक्त दिसले. कत्तलखान्याला भिंती असतात, म्हणून तेथील दुःख झाकलेले राहते. वाट उघडी असते. त्या वाटेने त्या दिवशी इतरही शेकडो माणसे गेली असतील. त्यांनीही पाहिले असेल. पाहणे आणि लक्ष देणे यांत जे अंतर आहे तेच दया असणे आणि नसणे यांतील अंतर होय.

आता वाट हीच हिंसा कशी, ते घोड्याच्या देहधर्मावरून पाहावे. घोडा हा संकटापासून पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. जेथे पळता येत नाही तेथे त्याचे भय दुणावते. धावत्या वाहनात त्यास बसता येत नाही. प्रत्येक वळणाला व प्रत्येक धक्क्याला चारी पायांनी तोल सावरीत तो उभा राहतो. त्याचे पोट थोडे थोडे पण बहुतांश दिवस चरण्यासाठी घडलेले आहे. ते दीर्घकाळ रिकामे राहिल्यास आत व्रण पडतात. मान खाली घालून श्वासनलिका मोकळी करणे ही त्याची गरज आहे. डोके वर बांधून तासन् तास नेले तर फुप्फुसात रोग शिरतो. अनोळखी घोडे एकत्र कोंबले की दुर्बळ घोडा बळकटाच्या लाथा व चावे सोशीत राहतो. त्यातून गायी व डुकरांसाठी बनविलेल्या दुमजली वाहनांत घोडे भरले, तर छत इतके बुटके असते की त्यांस मान ताठ करता येत नाही.

या वाहतुकीसाठी अमेरिकेत २००१ साली नियम झाले. त्यांनुसार कत्तलीस जाणाऱ्या घोड्यास चारा, पाणी व विश्रांती यांवाचून जास्तीत जास्त २८ तास वाहनात ठेवता येते. दुमजली वाहने बंद करण्यास मात्र २००६ च्या अखेरीपर्यंत अवधी देण्यात आला. शिवाय हे नियम थेट कत्तलखान्याकडे जाणाऱ्या घोड्यांनाच लागू होते. मध्ये एखाद्या तळावर घोडे उतरविले की त्या तळापर्यंतची वाट नियमाबाहेर राही. ही पळवाट २०११ साली बुजविण्यात आली. कॅनडात ही मर्यादा पूर्वी ३६ तासांची होती, ती २०२० साली २८ तासांवर आणली गेली. २८ तास म्हणजे एक संपूर्ण अहोरात्र आणि वर चार घटका नव्हेत, चार तास. एवढा काळ तहान सोसणे ज्या नियमात बसते, तो नियम दुःखास मर्यादा घालतो आणि त्याच मर्यादेपर्यंत दुःखास मान्यताही देतो.

शंका पहिली

येथे अशी शंका येते की, वध बंद करण्याच्या प्रयत्नानेच वाट लांबली, मग त्या प्रयत्नाचे फळ काय? ही शंका पोकळ नाही. तिच्यामागे आकडे आहेत. अमेरिकेत माणसांच्या अन्नासाठी घोडे मारणारे शेवटचे तीन कत्तलखाने होते, दोन टेक्सासमध्ये व एक इलिनॉय राज्यात. संसदेने २००५ साली तेथील मांसतपासणीचा खर्च नाकारला. टेक्सासचा १९४९ चा जुना कायदा न्यायालयाने उचलून धरला, इलिनॉयने नवा कायदा केला आणि २००७ साली तिन्ही बंद पडले. परंतु घोडे परदेशी नेण्यास बंदी झाली नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण विभागाने २०११ साली दिलेल्या अहवालात असे आढळले की, २००६ ते २०१० या काळात कत्तलीसाठी कॅनडास जाणारे घोडे १४८ टक्क्यांनी व मेक्सिकोस जाणारे ६६० टक्क्यांनी वाढले. २०१० साली सुमारे १,३८,००० घोडे या दोन देशांत गेले. देशात कत्तलखाने चालू असताना जेवढे मारले जात, जवळजवळ तेवढेच हे झाले. मरणाऱ्यांची संख्या घटली नाही. त्यांची वाट मात्र लांबली.

समाधान असे की, हा दोष निषेधाचा नाही. अर्धवट निषेधाचा आहे. ज्या घराला दोन दारे आहेत त्याचे एकच दार लावले तर चोर दुसऱ्या दाराने शिरतो. त्यावरून दार लावणेच व्यर्थ, असे कोणी म्हणत नाही. दुसरेही लावावे, असेच म्हणतात. दुसरे दार लावण्याचे विधेयक अमेरिकी संसदेत वारंवार आले, परंतु २०२४ च्या अखेरीपर्यंत ते संमत झाले नव्हते. कॅनडातून जिवंत घोडे विमानाने जपानला मांसासाठी जातात. ती निर्यात थांबविणारे विधेयक तेथील लोकसभागृहाने २०२४ साली संमत केले. पण वरिष्ठ सभागृहात ते पुरे होण्याआधीच २०२५ साली संसद विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. याउलट युरोपीय संघाने मेक्सिकोतून येणारे घोड्याचे मांस २०१५ च्या आरंभापासून नाकारले. अमेरिकेतील घोडे खाण्यासाठी पाळलेले नसतात. त्यांना फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामके सर्रास दिली जातात, जी अन्नासाठीच्या जनावरांस वर्ज्य आहेत. आणि कोणत्या घोड्यास काय दिले याची खात्रीची नोंद नसते. हे त्या नकाराचे कारण होते. येथेही दयेने जे साधले नाही ते खाणाऱ्याच्या भयाने काही अंशी साधले. पुढील वर्षांत अमेरिकेतून कत्तलीस जाणाऱ्या घोड्यांची संख्या पुष्कळ घटली. म्हणजे मागणी आटली की वाटही आटते.

शंका दुसरी

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. सर्व जीव जर सारखे, तर घोड्यावरच दया का? जो इंग्रज किंवा अमेरिकी मनुष्य घोड्यासाठी अश्रू ढाळतो तोच गाय, मेंढी व डुक्कर सुखाने खातो. घोडा देखणा, घोडा सोबती, म्हणून तो वाचावा आणि इतर जीव मरावेत, हा तर ममतेचा पक्षपात झाला.

समाधान : पक्षपात आहे, हे मान्य केले पाहिजे. अहिंसा ही जीवाच्या रूपावर, उपयोगावर किंवा त्याच्याशी जडलेल्या स्नेहावर अवलंबून नसते. परंतु पक्षपाताने आरंभलेली दया तेथेच थांबते असे नाही. पहिल्या दृष्टान्ताचा शेवट पुन्हा पाहावा. एडा कोल यांनी चळवळ केली ती घोड्यासाठी. २०२४ च्या ब्रिटिश कायद्यात मात्र घोड्यासोबत गाय, मेंढी, बकरी व डुक्कर यांचीही नावे आहेत. एका जीवाच्या दुःखाकडे लक्ष गेले आणि शतकभरात त्याच वाटेवरील इतर जीवही दिसू लागले. तरीही तो कायदा निर्यातीपुरता आहे; त्या देशातील वध त्याने थांबविलेला नाही. म्हणून त्यास पूर्ण अहिंसा म्हणू नये, आणि पूर्ण नाही म्हणून तुच्छही लेखू नये. दाराशी आलेल्यास उंबरठ्यावरूनच परत पाठविणे युक्त नव्हे.

त्याचप्रमाणे, ज्या लोकांत घोड्याचे मांस खाण्याची जुनी रूढी आहे त्यांचा तिरस्कार करणे हाही अहिंसेचा मार्ग नव्हे. फ्रान्समध्ये १८६६ साली या मांसाच्या विक्रीस कायदेशीर परवानगी मिळाली आणि ते गरिबांचे स्वस्त अन्न ठरले. भुकेमुळे पडलेली रूढी निंदेने सुटत नाही, समजुतीने सुटते.

शंका तिसरी

तिसरी शंका व्यवहाराची आहे. म्हातारा, लंगडा घोडा ठेवून करावे काय? त्याचा चारा कोणी पुरवावा? वर उल्लेखिलेल्या २०११ च्या अहवालातच असेही म्हटले आहे की, कत्तलखाने बंद झाल्यावर कमी मोलाच्या घोड्यांच्या किमती ८ ते २१ टक्क्यांनी उतरल्या आणि घोडे बेवारस सोडण्याच्या व उपाशी ठेवण्याच्या तक्रारी वाढल्या.

समाधान : ज्याने सेवा घेतली त्याच्यावर निर्वाहाचे ऋण आहे. हे ऋण कसे बुडविले जाते, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध झाले. ‘फर्डिनांड’ नावाच्या घोड्याने १९८६ साली अमेरिकेतील केंटकी डर्बी ही सर्वांत मानाची शर्यत जिंकली. पुढील वर्षी तो त्या देशातील सर्वोत्तम घोडा ठरला. नंतर पैदाशीसाठी तो जपानला विकला गेला. तेथे त्याची मागणी संपली आणि २००२ साली तो कत्तलीस गेला, ही वार्ता २००३ मध्ये उघड झाली. ज्याच्या गळ्यात सहस्रावधी लोकांच्या जयघोषात पुष्पमाला पडल्या, त्यास म्हातारपणी मूठभर गवत मिळू नये! जर अशा घोड्याची ही गत, तर नाव नसलेल्या घोड्याची काय कथा? यावर उपाय वधाचा नाही. आरंभीच संख्येला आवर घालण्याचा आहे. जितक्यांचा म्हातारपणापर्यंत निर्वाह होईल तितकेच जीव जन्मास घालावेत व पाळावेत. पाश्चात्त्य देशांत असाध्य रोगाने तळमळणाऱ्या घोड्यास वैद्याकडून वेदनारहित मरण देतात. अहिंसाशास्त्र त्यासही हिंसेतून वगळीत नाही. परंतु २८ तासांची तहान व अनोळखी कत्तलखाना हा त्याला पर्याय होऊ शकत नाही, हे कोणासही कळेल.

येथे लीळाचरित्रातील सशाची लीळा सहजच स्मरते. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली शरण आला. पारध्यांनी तो मागितला. शरणागत त्यांच्या स्वाधीन केला गेला नाही. परंतु लीळा तेथे संपत नाही. सर्वज्ञांनी पारध्यांशी रागाचा शब्द न काढता त्यांस त्या निरपराध वनचराची स्थिती समजावून सांगितली, त्यांचे मन वळविले आणि त्यानंतर ससा मोकळा झाला. या क्रमात मोठा अर्थ आहे. शिकारी तसाच राहिला असता तर ससा पुढच्या झुडपात सापडला असता. एकाच जीवास वाचविणे हे अर्धे कार्य. मारणाऱ्याची वृत्ती पालटणे हे उरलेले अर्धे. अमेरिकेतील कत्तलखाने बंद होऊनही घोडे का मेले, याचे उत्तरही यातच आहे. तेथे सुरी काढून घेतली गेली. विकणाऱ्याचे मन पालटले नाही.

आचार

आता हा विचार आचारात कसा आणावा? भारतात प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ साली झाले आणि त्यांत घोडा, खेचर व गाढव यांच्यासाठी वेगळे प्रकरण आहे. जनावरे नेणाऱ्याने व ती नेताना पाहणाऱ्याने ते माहीत करून घ्यावे. मुंबईतील हौसेच्या घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या, तेव्हा घोड्यांचे व त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन हाही प्रश्न उभा राहिला. बंदी आणि निर्वाह यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हा धडा येथेही तोच. वासनिकाच्या घरी लग्नात वरातीसाठी घोडा सांगितला जातो, माथेरानसारख्या ठिकाणी घोड्यावर बसून फेरी होते, यात्रेत टांगा केला जातो. अशा वेळी तीन गोष्टी कराव्यात. त्याच्या पाठीवर जखम नाही ना, हे पाहावे. त्यास पाणी मिळाले आहे का, ते विचारावे. आणि तो म्हातारा झाल्यावर कोठे जातो, हेही मालकास नम्रपणे विचारावे. हा तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही, म्हणूनच म्हाताऱ्या जनावराची वाट अंधारात राहते. दहा गिऱ्हाइकांनी विचारला तर अकराव्याच्या आधी मालक स्वतः विचार करू लागेल.

अटन करणाऱ्या भिक्षुकांचा तर रस्त्याशी नित्याचा संबंध. कोंबून भरलेली जनावरांची वाहने त्यांच्या शेजारून जातात. तेथे केवळ हळहळून पुढे न जाता, ज्या गावी मुक्काम असेल तेथील जाणत्या मंडळींच्या कानी ती गोष्ट घालावी आणि निरूपणात तिचा उल्लेख करावा.

तात्पर्य

वध हा एका क्षणाचा नसतो; त्यास वाट असते, आणि त्या वाटेवर पुष्कळ माणसे उभी असतात. त्यांतील प्रत्येकास वाटते की, सुरी आपल्या हाती नाही. एडा कोल यांच्या हातीही सुरी नव्हती आणि व्हेल्मा जॉन्स्टन यांच्या हातीही नव्हती. परंतु ‘म्हणून हे माझे काम नव्हे’ असे त्या म्हणाल्या नाहीत. जीवाचे दुःख जेथे प्रथम दृष्टीस पडते तेथूनच पाहणाऱ्याचे कर्तव्य सुरू होते. ते ठिकाण बहुधा कत्तलखाना नसते. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा रोजचा रस्ता असतो.

दंडवत प्रणाम.